लिफ्ट नकोय, वर्ग तळमजल्यावर आणा एवढंच म्हणणं आहे

रातांबा | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वाचतोय बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमए करतोय, दुसरं वर्ष. मला लिंब गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे कमरेचे आणि खांद्याचे स्नायू हळूहळू कमजोर होत जातात. बीएला असताना कठडा धरून जिना चढायचो, वेळ लागायचा पण चढायचो. गेल्या पावसाळ्यापासून ते बंद झालं. आता घरात भिंतीला धरून चालतो आणि बाहेर व्हीलचेअर.

आमचे सगळे तास दुसऱ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट नाही. तर रोज वर्गातली चार पोरं मला उचलून वर नेतात आणि संध्याकाळी खाली आणतात. पोरं सोन्यासारखी आहेत, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण माझे खांदे कमजोर आहेत हे त्यांना कळत नाही, काखेत हात घालून उचललं की मी अक्षरशः निसटतो, दोनदा पडता पडता राहिलोय. पावसात जिना ओला असतो तेव्हा खाली येईपर्यंत मी डोळे मिटून घेतो. एखादा आजारी पडला किंवा गावी गेला तर त्या दिवशी माझी दांडी. आणि वर एकदा गेलो की गेलो, मधे खाली येता येत नाही, टॉयलेट खाली आहे. म्हणून सकाळी ७ ला घर सोडलं की ४ वाजेपर्यंत मी पाणी पीत नाही. हे आईलाही सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात त्या चौघांचा सत्कार झाला, शाल श्रीफळ दिलं. मलापण स्टेजवर बोलावलं. स्टेजला पाच पायऱ्या, परत उचललं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं.

मी सरांना विचारलं की आमचा वर्ग खाली घेता येईल का. उत्तर आलं, लिफ्टला बजेट नाही, संस्थेकडे प्रस्ताव दिलाय. मी लिफ्ट मागितलीच नव्हती हो. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत पाखाडी आहे, २२ पायऱ्या, बाबा आणि काका मला उतरवतात, ते आमचं आम्ही बघू. पण कॉलेजातला वर्ग खाली आणा म्हणणं हा कृतघ्नपणा होतो का? आणि हे मागायचं असेल तर कसं मागायचं?

अबोली_७१ | रात्री १०:०५

आधी एक सांगते, पाणी पी रे बाबा. उन्हाळ्यात घामाने अंगातलं सगळं जातं आपल्याकडे, त्यात दिवसभर कोरडं राहून मूत्रपिंडाची वाट लागेल. आणि आईला सांग.

कृतघ्नपणा अजिबात नाही. तू सरांना तोंडी विचारलंस की लेखी?

रातांबा | रात्री १०:११

तोंडीच ताई. अर्ज वगैरे केला तर सर दुखावतील असं वाटलं.

खाडीपलीकडे | रात्री ११:३०

मी वकिली करते, अलिबागला. दोन गोष्टींची गल्लत होते आणि ती गल्लत जवळजवळ प्रत्येक कॉलेजात होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इमारतच सगळ्यांना वापरता येईल अशी असणं, म्हणजे रॅम्प, लिफ्ट, रुंद दारं, टॉयलेट, ही एक गोष्ट. ती कोणी मागो न मागो करायची असते, त्याची मापं ठरलेली असतात, त्याला पैसा आणि वेळ लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे रिझनेबल अकॉमोडेशन, मी त्याला वाजवी सोय म्हणते. ती एका माणसासाठी, त्याच्या अडचणीप्रमाणे, आत्ता करायची असते. लिफ्ट ही पहिल्या प्रकारातली. तुझा वर्ग खाली आणणं ही दुसऱ्या प्रकारातली. तू दुसरी मागितलीस आणि तुला पहिलीचं उत्तर मिळालं.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, जो एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी त्यात नावानिशी आहे. वाजवी सोयीची व्याख्या कलम २ मध्येच आहे: आवश्यक आणि योग्य ते बदल, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता. आणि त्याच कलमात भेदभावाची व्याख्या आहे, तिच्यात वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभावच असं स्पष्ट लिहिलंय. हे वाक्य पाठ करून ठेव. "आम्ही तुला प्रवेश दिला, कोणी तुला वाईट वागवत नाही" एवढ्याने भागत नाही.

आता अवाजवी बोजा. बजेट नाही हे लिफ्टच्या बाबतीत एक वेळ बोलता येईल, ३०-४० बाकं असलेली खोली दुसऱ्या खोलीशी बदलण्यात कसला बोजा? फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात हे फार छान मांडलंय. त्या मुलाला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा, लेखनिक हवा होता, आयोग नाही म्हणाला, कारण तो ठरलेल्या वर्गवारीत बसत नव्हता. कोर्टाने सांगितलं की प्रत्येकाची गरज वेगळी, त्या माणसाशी बोलून काय सोय करता येईल ते शोधायचं. म्हणजे आधी तुला विचारायचं. तुला कोणी विचारलंय का की तुला काय हवंय?

रातांबा | रात्री ११:५२

नाही. सगळे विचारतात कसा आहेस.

गडगा | बुधवार, सकाळी ६:२०

मी ३१ वर्षं कॉलेजात शिकवलं, त्यातली १४ वर्षं टाईमटेबल माझ्याकडे होतं, तेव्हा आतली बाजू सांगतो.

तळमजल्यावर बहुतेक ठिकाणी ऑफिस, प्राचार्यांची केबिन, स्टाफरूम, प्रयोगशाळा आणि ज्युनिअर कॉलेजचे मोठे वर्ग असतात. एमएला मुलं कमी म्हणून त्यांना वरच्या छोट्या खोल्या मिळतात. खोली बदलायची म्हणजे दोन विभागप्रमुखांनी एकमेकांशी बोलायचं, बस्स, आणि अडतं ते तिथेच. कारण खोली ही विभागाची इस्टेट असल्यासारखी वागवली जाते, कपाटं असतात, नावाची पाटी असते. पैशाचा प्रश्न नसतोच.

म्हणून अर्जात "वर्ग खाली आणा" असं मोघम लिहू नकोस. मोघम अर्जावर शेरा पडतो "विचार व्हावा" आणि तो तिथेच मरतो. तू स्वतः किंवा मित्राने तळमजल्याच्या खोल्यांचं टाईमटेबल दोन दिवस बघा, दारावर चिकटवलेलं असतं. कुठली खोली कुठल्या तासाला रिकामी ते लिहा. मग अर्जात लिही की अमुक वारी अमुक तास खोली क्रमांक अमुक मध्ये घ्यावेत, ती त्या वेळी मोकळी आहे. असं हातात दिलं की नाही म्हणायला कारण उरत नाही. मी स्वतः असे अर्ज पाच मिनिटांत मार्गी लावलेत आणि मोघम अर्ज महिनोन्महिने ठेवलेत, ते आज आठवलं की वाईट वाटतं.

दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटची किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं ओळखपत्र) झेरॉक्स जोड. आजाराचा इतिहास लिहू नको, विनवण्या लिहू नको. प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत. ऑफिसात देताना आवक क्रमांक घे आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून पोच घे. सर दुखावतील ही भीती आहे ना, तर आधी सरांना जाऊन सांग की सर असा अर्ज देतोय, तुमची शिफारस हवी. दुखावण्याऐवजी ते तुझ्या बाजूला येतात. आणि परीक्षेची बैठक व्यवस्था तळमजल्यावर असावी हे त्याच अर्जात घाल, ते लोक हमखास विसरतात.

काजूगर | सकाळी ८:१५

माझं मत कदाचित आवडणार नाही पण मनापासून लिहितोय. मी एका छोट्या विनाअनुदानित संस्थेच्या कमिटीवर आहे. शिक्षकांचे पगार वेळेवर करताना नाकी नऊ येतात. एका मुलासाठी सगळ्या वर्गाची, दुसऱ्या विभागाची गैरसोय करायची, उद्या आणखी कोणी आणखी काही मागणार, हे कुठे थांबणार? आणि परीक्षेत जादा वेळ देतात तेही मला पूर्ण पटलेलं नाही, माझ्या मुलीलापण तीन तासात पेपर पुरत नाही.

खाडीपलीकडे | सकाळी ९:०२

काजूगर दादा, प्रामाणिकपणे विचारलंत ते बरं केलंत. कुठे थांबणार याचं उत्तर कायद्यातच आहे, अवाजवी बोजा जिथे सुरू होतो तिथे. पण तो बोजा आहे हे संस्थेने दाखवायचं, नुसतं म्हणून चालत नाही. आणि कलम १६ शासनाने अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संस्थांबद्दल बोलतं, मान्यता तर तुमच्या संस्थेलाही आहे. तुम्ही कमिटीवर आहात तर एक करा, यूजीसीची २०२२ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत ती एकदा मीटिंगमध्ये वाचून दाखवा.

भरतीओहोटी | सकाळी ९:४०

मी अंध आहे, सिंधुदुर्गात बीए तिसरं वर्ष. रातांबा, तुझा जिना तसा माझा फॉन्ट.

मी लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतो, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, फुकट आहे, मराठी वाचतो. पण आमच्याकडे नोट्स टाइप करतात श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. तुम्हाला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण आत ती मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी कीबोर्डच्या खुणांना मराठी चेहरा लावलेला असतो. स्क्रीन रीडर आतलं वाचतो त्यामुळे मला ऐकू येतं ते निव्वळ इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, पानंच्या पानं. तीच नोट्स युनिकोडमध्ये टाइप केली, म्हणजे मंगल किंवा तसल्या कुठल्याही फॉन्टमध्ये, तर मी सगळ्या वर्गाबरोबर त्याच दिवशी वाचू शकतो. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर फळ्याचे आणि वहीचे फोटो टाकतात. हाताने लिहिलेल्या मराठीचं ओसीआर, म्हणजे फोटोतून मजकूर काढणं, माझ्याकडे तरी धड होत नाही.

मी आधी वर्षभर बहिणीकडून वाचून घेतलं. ती कोकम आमसुलांच्या सीझनला आईला मदत करून रात्री ११ ला माझ्यासाठी वाचायची आणि वाचता वाचता झोपायची. शेवटी मॅडमना प्रात्यक्षिक करून दाखवलं, त्यांचीच पीडीएफ लॅपटॉपवर लावली. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून युनिकोड. एक पैसा खर्च नाही. बाकीच्या तीन विषयांचे सर अजून जुन्याच फॉन्टवर आहेत, पण एक झालं तर बाकीचे होतील.

काजूगर काका, जादा वेळेबद्दल. मी उत्तर बोलतो, लेखनिक लिहितो, मग मी म्हणतो वाचून दाखव, तो वाचतो, चूक सापडते, ती सुधारतो. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांमध्ये तासाला किमान २० मिनिटं जादा सांगितली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो एक तास ह्या वाचून दाखवण्यातच जातो, विचार करायला मला तुमच्या मुलीएवढाच वेळ मिळतो.

केवडा_मालवण | दुपारी १२:३०

माका ह्या वाचून रडूक इला. माझ्या झिलाची गजाल पण अशीच. पुढचं साध्या मराठीत लिहिते.

मुलाला अध्ययन अक्षमता आहे, अक्षरं उलटसुलट होतात, लिहिण्याचा वेग फार कमी. बोलून विचारा, सगळं येतं. दहावीपर्यंत शाळेने सांभाळलं. कॉलेजात गेल्यावर लेखनिकाची गोष्ट सुरू झाली. लेखनिक तुमचा तुम्ही आणा म्हणाले आणि तो एक इयत्ता तरी खालचा हवा. मुलगा एफवायला, म्हणजे बारावीचा किंवा त्याखालचा मुलगा पाहिजे. पण परीक्षांच्या दिवसात त्या मुलांच्याही परीक्षा असतात. तेरा पेपरांना मी पाच वेगवेगळी मुलं गोळा केली, एकाला सायकलने, एकाला माझ्या मागे गाडीवर बसवून. एका मुलाला रसायनातली नावंच लिहिता येत नव्हती, माझा मुलगा स्पेलिंग सांगत बसला, जे त्यालाच जमत नाही म्हणून लेखनिक घेतला होता.

मग कळलं की केंद्राच्या २०१८ च्या त्या सूचनांप्रमाणे कॉलेजकडे लेखनिक मागायचा पर्यायही होता आणि लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटताही येत होतं. कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मुलाची दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या खाली म्हणून एकाने हाकलूनच दिलं होतं, तर ४० च्या खालच्यांसाठीही २०२२ मध्ये वेगळ्या सूचना निघाल्यात, त्या विकास कुमार निकालानंतरच. तेव्हा आयांनो, परीक्षा विभागात जाऊन सध्याचं परिपत्रक कुठलं आहे ते मागा, नुसतं काउंटरवरच्या माणसाचं ऐकू नका.

चिरेखाण | दुपारी ३:४५

सिव्हिल इंजिनिअर, कणकवली साईड. रॅम्पबद्दल लिहायचं राहून जाऊ नये म्हणून लिहितोय, कारण कॉलेजवाले रॅम्प बांधतात आणि तो कोणाला वापरता येत नाही.

उतार एकास बारा पाहिजे. म्हणजे एक फूट चढायला १२ फूट लांबी. आपल्याकडे पाऊस म्हणून जोतं उंच असतं, तीन फूट धरा, तर रॅम्प ३६ फूट झाला, आणि ९ मीटरनंतर मधे एक सपाट टप्पा लागतो. तेवढी जागा समोर नसते म्हणून वळवून घ्यायचा, तर वळणावरही व्हीलचेअर फिरेल एवढी सपाट जागा हवी, साधारण दीड मीटर. लोक काय करतात, पायऱ्यांच्या बाजूला उरलेल्या ८-१० फुटात कोबा ओतून ठेवतात. त्यावरून व्हीलचेअर ढकलणारा दमतो आणि उतरताना बसलेला पुढे घसरतो. मग तिथे स्कूटर लावतात.

आणि पाऊस. जांभ्याच्या चिऱ्यावर जूनच्या शेवटी शेवाळ धरतं ते दसऱ्यापर्यंत जात नाही. कुबडीवाल्याला तर ते जीवघेणं. रॅम्पला गुळगुळीत फरशी कधीच लावू नका, ओल्या काँक्रीटवर खराटा फिरवून ओरखडे ओढा, वर पत्रा टाका, दोन्ही बाजूंना कठडा द्या, आणि रॅम्पच्या पायथ्याशी पाणी साठू देऊ नका. पाणी जायला जाळी टाकलीत तर तिच्या फटी बारीक हव्यात, नाहीतर व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं अडकतात. दार ९०० मिमी मोकळं हवं.

लिफ्टचं म्हणाल तर, रातांबाने लिफ्ट मागितली नाही ते एका अर्थी शहाणपणाचंच आहे, आपल्याकडे पावसात दिवसचे दिवस लाईट नसते. जनरेटर नसलेली लिफ्ट म्हणजे जून ते सप्टेंबर बंद कपाट. तरी लिफ्ट लागणारच कधीतरी, ग्रंथालय, सभागृह सगळंच खाली येणार नाही.

वाशिष्ठीकाठ | संध्याकाळी ६:१०

हेच लिहायला आलो. चिपळूणला राहतो, ग्रंथालयात काम करतो. २२ जुलै २०२१ चा पूर तुम्ही टीव्हीवर बघितला असेल, आम्ही तो छातीपर्यंत बघितला. पुस्तकांचा लगदा झाला. त्यानंतर आम्ही ग्रंथालय वर नेलं आणि ते बरोबरच केलं. पण त्यानंतर एक कुबडीवाली मुलगी यायची बंद झाली, ते आमच्या लक्षात यायला सहा महिने लागले. मी रजिस्टर चाळताना तिचं नाव दिसेना म्हणून विचारलं, तर मैत्रिणीच्या कार्डावर पुस्तकं मागवत होती.

आता आम्ही खाली ऑफिसशेजारी एक टेबल खुर्ची ठेवलीय. कॅटलॉग मोबाईलवर बघायचा, मेसेज करायचा, शिपाई पुस्तकं खाली आणून देतो, तिथेच बसून वाचायचं किंवा घरी न्यायचं. हे पूर्ण समाधान नाही, कपाटासमोर उभं राहून पुस्तकं हाताळण्यात जे आहे ते तिला मिळत नाही. पण ती यायला लागली परत. रातांबा, तुझ्या कॉलेजात ग्रंथालय वर असेल तर हे माग.

काजूगर | रात्री ८:५०

सगळ्यांचं वाचलं. भरतीओहोटी, लेखनिकाला परत वाचून दाखवावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. येत्या मीटिंगला खोल्यांचा विषय मी घेतोय. आमच्याकडे दोन मुली आहेत, त्यांच्याशी आधी बोलतो.

गडगा | रात्री ९:१५

बोलताना एकेकीशी वेगळं बोला, आणि सगळ्यांसमोर नको.

रातांबा | १७ दिवसांनी, शनिवार, रात्री १०:३०

उशिरा लिहितोय, पण आधी काही घडूदे म्हणून थांबलो होतो.

गडगा सरांनी सांगितलं तसंच केलं. मित्राने आणि मी तळमजल्याच्या सात खोल्यांचं टाईमटेबल वहीत उतरवलं. एक खोली सकाळी १० ते १ रोज रिकामी निघाली, ज्युनिअरचे वर्ग दुपारी असतात तिथे. अर्ज एक पान, त्यात खोली, वार, तास, आणि परीक्षेची बैठक. आधी आमच्या सरांकडे गेलो. ते वाचून म्हणाले अरे असं आहे होय, मला वाटलं तुला लिफ्टच हवी. शिफारस त्यांनीच लिहिली. आवक क्रमांक घेतला, शिक्का घेतला.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी खाडीपलीकडे ताईंना मेसेज करून विचारलं, त्या म्हणाल्या स्मरणपत्र दे, व्याख्येचं ते वाक्य त्यात घाल, आणि समान संधी कक्ष कोण बघतं, तक्रार निवारण अधिकारी कोण आहे त्यांचं नाव लेखी विचार. ते दिलं. दोन दिवसांनी नोटीस लागली. सोमवार ते गुरुवारचे सगळे तास खाली. शुक्रवारचा सेमिनार अजून वरच आहे, कारण प्रोजेक्टर तिथे बसवलेला आहे, त्याबद्दल बघू म्हणालेत. ग्रंथालयाचं वाशिष्ठीकाठ दादांचं वाचून दाखवलं, तिथल्या ताई लगेच हो म्हणाल्या.

त्या चौघांना कसं सांगायचं हे टेन्शन होतं. सांगितलं तर एकजण म्हणाला बरं झालं, मला रोज भीती वाटायची तू हातातून सुटशील, बोललो नाही कधी. मग आम्ही तिथेच बसून बराच वेळ बोललो, दोन वर्षांत पहिल्यांदा उचलण्याबद्दल बोललो.

सोमवारी बाबांनी गेटवर सोडलं आणि मी एकटा वर्गात गेलो. पावणेदहा वाजले होते, कोणी आलं नव्हतं. खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं त्या खोलीत.

टॉयलेटचं मात्र राहिलंय. खाली एक कमोड आहे, दार रुंद आहे, पण कुलूप असतं आणि चावी शिपाईकाकांकडे, ते जेवायला गेले की झालं. दारात एक चार इंचाचा उंबरा पण आहे. चिरेखाण दादा, त्या उंबऱ्याला एकास बाराने चार फुटाची उतरण लागेल ना? बाहेर जागा साडेतीन फूटच आहे, सोमवारी अर्ज देतोय तर त्यात काय लिहू?

चिरेखाण | रात्री ११:०५

उतरण नको मागू, उंबराच काढायला सांग. एक गवंडी, अर्धा दिवस. पाणी बाहेर येईल म्हणतील, तर आतला उतार जाळीकडे करून घ्या म्हणावं. फोटो आणि मापं मला पाठव, स्केच काढून देतो, अर्जाला जोड.

अबोली_७१ | रात्री ११:०९

आणि चावी दुसरी करून स्वतःकडे माग. त्याच अर्जात.